गेरूची बोटं

इउलिस, केओस बेट
कृत्तिका पहाटे दिसू लागायला आठ दिवस

लिकोन,

तुझी थोरली बहीण फिलिन्ना तुला लिहिते आहे. मी धडधाकट आहे. तू आणि तुझी बायको मिर्तोही तशीच असाल असं धरून चालते, कारण तू कळवणार नाहीस.

जाळ्याची दोन शिशाची वजनं ठोकून सपाट केली आणि त्यावर खरडते आहे. बाबांनी लहानपणी गेरूच्या टोपल्यांवर खुणा करायला शिकवलं, त्या पुंजीवर हे चाललंय. हसू नकोस.

विषय बाबांचाच आहे. त्यांना सहासष्ट झाली. साठी झाली की आपल्या गावात काय करतात ते तुला सांगायला नको. तू त्याच भीतीने बेट सोडून अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला, पळालास, असं बाबा सगळ्यांना हसत सांगायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आणि बितोनकाकांनी एकच दिवस ठरवला होता. दोघं एका खाणीत राबले, जायचं तेही एकत्र. माळा विणून तयार होत्या. पण त्या सकाळी बाबांना ताप भरला, आणि तापकऱ्याला विषाचा पेला देत नाहीत. बितोनकाका एकटेच वडीलधाऱ्यांपुढे उभे राहिले, आपलं नाव घेतलं, भरून पावलो म्हणाले आणि गेले. बाबांनी पुढे तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आता काढून उपयोग नाही. त्यांना माझं नाव आठवत नाही. स्वतःचंही आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात वडीलधाऱ्यांनी तीनदा विचारलं, तुम्ही कोण? बाबा नुसते त्यांच्या पायांकडे बघत राहिले. ज्याला आपलं नाव घेता येत नाही त्याच्या हातात पेला देता येत नाही, मग तो कितीही झिजो. गल्लीतली पोरं त्यांना तिथोनोस म्हणतात. मी एकदा लाटणं घेऊन धावले, पण पोरांचं तोंड कोण धरणार?

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तो दिवस उजाडायच्या आदल्या पहाटे मी गच्चीवर जाऊन पहाटेच्या देवीला, एओसला, साकडं घातलं होतं. दूध आणि मध ओतलं आणि म्हटलं, माझ्या बाबांना नेऊ नकोस. तिला देऊळ नाही, जत्रा नाही, कुणी तिच्याकडे काही मागत नाही. मला वाटलं, तिला तरी ऐकायला सवड असेल. तिने ऐकलं. हे असं ऐकलं.

म्हाताऱ्याची वाचा गेली असेल तर मुलगा त्याचा हात धरून त्याच्यासाठी बोलू शकतो. मुलीचं चालत नाही. व्याध उगवतो त्या पहाटे सगळं गाव डोंगरावर जमतं आणि वडीलधारे त्या वर्षी पेला घेणाऱ्यांची नावं घेतात. तोवर तू ये. बाबांना सोडव, आणि मलाही.

फिलिन्ना


पिरेअस
थार्गेलिओन महिन्याची सहावी

ताई,

पत्र मिळालं. अक्षर वाचायला तांडेलाला बसवावं लागलं, म्हणजे आता अर्ध्या बंदराला आपल्या घरचं माहीत झालं.

मी येऊ शकत नाही. लढाऊ गलबतांचे अकरा सांगाडे किनाऱ्यावर पालथे पडलेत, आणि गेरू लावायला हात आहेत चौघांचे. हा गेरूही आपल्याच बेटाचा. लावून लावून माझी बोटं अशी झालीत की मिर्तो मला भाकरी वाढताना दूर सरक म्हणते.

आणि तू काय मागतेस माझ्याकडे? मी यायचं, बाबांचा हात धरायचा आणि त्यांच्या वतीने त्यांचा जीव देऊन टाकायचा. हे मला जमायचं नाही. कुणी भेकड म्हणालं तरी चालेल.

आता तुझ्या साकड्याबद्दल. ताई, मागायचंच होतं तर कुणाकडे मागितलंस गं! सगळे देव सोडून नेमकी तीच सापडली, जिला स्वतःला धड मागता आलं नाही? तिने आपल्या प्रियकरासाठी, तिथोनोससाठी, अमरपण मागून घेतलं, आणि तरुणपण मागायचं विसरली. तो सुकत सुकत गेला, शेवटी झाडावर किरकिरणाऱ्या किड्याएवढा उरला आणि तिने त्याला खोलीत कोंडून दार लावलं. हे आपल्याला बाबांनीच सांगितलं होतं. अशा बाईपुढे तू पदर पसरलास. आता भोग.

तिचं कौतुक माझ्यापुढे करू नकोस. इथे कोवळं मूल गेलं की सूर्य वर यायच्या आत नेतात, आणि शेजारणी म्हणतात, पहाटेने उचललं. सहा वर्षं हे माझ्या कानात आहे. पहाट मला नको असते. मी उशिरा उठतो.

बाबांसाठी तांडेलाबरोबर एक जाड घोंगडी पाठवली आहे. त्यांना गच्चीवर चढू देत जाऊ नकोस, पडतील.

लिकोन


इउलिस
गव्हाची कापणी संपली

लिकोन,

तुमचे अथेन्सचे महिने तुम्हाला लखलाभ. इथे पीक आणि तारे बघून कळतं कोणता दिवस आहे ते.

भोग म्हणालास ते वाचून मी दोन दिवस तुला मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी वाटलं, बरोबरच आहे. मागितलं मी, मागताना चुकले मी. तू लांब होतास, तुझा काय संबंध?

घोंगडी पोचली. बाबांनी हात फिरवला, घडी घातली आणि कोनाड्यात ठेवून दिली. मी म्हटलं, घ्या की अंगावर. तर म्हणाले, पाहुण्याची आहे. आता आपल्याकडे कोण पाहुणा यायचाय?

गच्चीवर चढू देऊ नको म्हणतोस. तू येऊन अडवून दाखव. दिवसभर त्यांना पायरी दिसत नाही, पण पहाटेला जाग येते आणि तिवई काखोटीला मारून बरोब्बर वर जातात. मी मागोमाग जाते. तुला आठवतं, ते आपल्याला खांद्यावर घेऊन तिथेच उभे राहायचे? म्हणायचे, ती बघा एओस, आपल्या खाणीत हात घालून आलीय, म्हणून बोटं लाल. आणि आपले गेरूचे हात आकाशाला लावून दाखवायचे. मग आई ओरडायची की आधी हात धुवा.

आता ते तिच्याकडे बघतही नाहीत. पूर्वेकडे पाठ करतात, मावळतीकडे तोंड करून बसतात आणि खाली बंदराकडे डोळे लावतात. मागे आकाश लाल होतं, तेव्हा मान वळवत नाहीत. रुसलेत तिच्यावर, दुसरं काय! हिने मला का ठेवलं, असं त्यांच्या आत कुठेतरी असणार. ऊन चढलं की खाली येतात आणि तेवढ्यापुरतं बोलतात. एकच वाक्य, रोज तेच. लाल तोंडाचं होतं का गं, विचारतात. मी विचारते, काय? तर म्हणतात, गलबत. ती न्यायला येईल ते गलबत असावं. मी म्हणते, नाही बाबा, आज नव्हतं.

त्यांचे हात बघवत नाहीत. खाण सुटून पाच वर्षं झाली, गेरू सगळा निघून गेला. पांढरेफटक पडलेत, कुणा परक्याचे लावल्यासारखे.

यायचं नाही तर नाही. पण लिही काहीतरी.

फिलिन्ना


इउलिस
व्याध उगवायला बारा दिवस

लिकोन,

तुझं उत्तर नाही. दोन गलबतं आली नि गेली, दोन्ही वेळा बंदरापर्यंत उतरून विचारलं.

परवा बाबा जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, पण रात्रभर लहान पोरासारखे रडत होते, आणि का रडतोय ते त्यांना सांगता येईना. माझ्याच्याने आता होत नाही.

मी ठरवलं आहे. व्याधाच्या पहाटे सगळं गाव डोंगरावर असेल. मीही जाईन, शेजारणींना तोंड दाखवीन, आणि ऊन पडायच्या आत एकटी खाली येईन. पेला मी मिळवला आहे, कुठून ते विचारू नकोस. माळ नाही, वडीलधारे नाहीत, नाव घेणं नाही. माझ्या हाताने देणार. रिवाजात हे बसत नाही आणि कळलं तर गाव माझ्या दारचं पाणी पिणार नाही. पण ज्या हाताने दूध-मध ओतून त्यांना मागून घेतलं, त्याच हाताने सोडवायला हवं.

तुझी परवानगी मागत नाही. तू मुलगा आहेस म्हणून कळवते.

फिलिन्ना


पिरेअस
स्किरोफोरिओन महिन्याची सत्ताविसावी

ताई,

थांब. देवाशपथ थांब. पेला लपव, ओतून दे, काहीही कर, पण देऊ नकोस. मी येतोय. हे पत्र पहिल्या निघणाऱ्या मचव्यावर देतो आणि मागच्या गलबतावर मी स्वतः चढतो.

बाबा रुसलेले नाहीत. मावळतीकडे बंदर आहे, ताई. पिरेअसहून येणारं गलबत त्याच बाजूने येतं.

तुझं मागचं पत्र वाचलं आणि मी दीड महिना तोंड लपवून बसलो. आता सांगतो. सहा वर्षांपूर्वी बाबांनी दिवस ठरवला, तेव्हा आपल्या बंदराच्या तांडेलाने मला कळवलं. मी त्याच्याच तोंडी उलटा निरोप धाडला, तुला कळू न देता. बाबांना सांग, पेला घेऊ नका. मला मुलगा झालाय. तुमचंच नाव ठेवलंय. येत्या वसंतात घेऊन येतो, तुमच्या मांडीवर ठेवतो, मग खुशाल जा. माझं गलबत लांबूनच ओळखू येईल, त्याचं तोंड मी नव्याने लाल रंगवलंय.

मी गेलो नाही. त्या वसंतात नाही, पुढच्याही नाही. आणि नको म्हणूनही कळवलं नाही.

तुझ्या दुधामधाने काही झालेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. तू एओसला बोल लावलास, मी तुला बोल लावला, आणि बाबा तिथे सहा वर्षं माझी वाट बघत बसले. मला ठाऊक होतं, तरी तुला भोग म्हणालो. याची माफी समोर आल्यावर मागेन. मला काय म्हणायचं ते तेव्हा म्हण.

लिकोन


इउलिस
द्राक्षांना रंग चढला

लिकोन,

तू आलास आणि पाचव्या दिवशी गेलासही. तिसाव्या दिवसाच्या जेवणाला थांबला नाहीस. मी अडवलं नाही, कारण तुझा चेहरा मला बघवत नव्हता.

व्याधाच्या पहाटे मी डोंगरावर होते. तुझं पत्र आदल्याच दिवशी हातात पडलं होतं, पण तू खरंच येशील यावर माझा विश्वास नव्हता. पेला मी ओतलाही नव्हता. चुलीमागे झाकून ठेवला होता. व्याध दिसला, सगळ्यांनी भाले ढालींवर आपटले, आणि मी धापा टाकत खाली आले. दार उघडं. गच्चीवर तू, बाबांच्या पायाशी बसलेला, आणि ऊन त्यांच्या तोंडावर. तू एवढंच म्हणालास, गेले.

मग धुणं, तेल लावणं, बायकांचं रडणं, उजाडायच्या आत नेणं. त्या सगळ्यात विचारायचं राहिलं. तुझ्या माफीचं मी काय करू तेही अजून कळत नाही. कधी तुझा राग येतो, कधी तुझ्यासाठी रडते. पण दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत.

तिवई पूर्वेकडे वळलेली होती. सहा वर्षांत एकदाही त्यांनी ती तशी ठेवली नव्हती. तू वळवलीस का?

आणि लिकोन, तू एकटाच आलास. नातू दाखवणार होतास ना? पत्रात लिहिलंस, मुलगा झालाय असं कळवलं. आता तो सहा-सात वर्षांचा हवा. तू त्याचं नावही काढलं नाहीस, आणि मी बघत होते, मढं उजाडायच्या आत न्यायची वेळ झाली तेव्हा तुझे पाय उंबऱ्यातच अडकले होते.

पेला दुसऱ्याच दिवशी खडकावर ओतला. तुला सांगितलेलं बरं.

फिलिन्ना


पिरेअस
मेतागीत्निओन महिन्याची अखेर

ताई,

तू विचारलंस, म्हणून आता सगळं.

मूल पाच महिन्यांचं होऊन गेलं. हिवाळ्यात, खोकल्याने. निरोप धाडून जेमतेम चाळीस दिवस झाले होते. माझ्याच हाताने, अंधार असतानाच नेलं, आणि परतताना समोर ती पहाट लालभडक उगवलेली. ज्याला दाखवायचं तोच राहिला नाही, मग कुठल्या तोंडाने येऊ? आणि गेला म्हणून कळवलं असतं, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी पेला मागितला असता. म्हणून गप्प राहिलो. बाबा वाट बघत असतील तोवर जिवंत आहेत, एवढाच हिशेब केला. तुझ्यासारखंच मीही मागितलं, ताई, ते कसे जगतील एवढं मागायचं विसरलो.

गलबत अंधारातच बंदराला लागलं. चढ चढून घरी आलो तेव्हा गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. वर गेलो. ते पाठमोरे, बंदराकडे बघत. पायांचा आवाज ऐकून त्यांनी न वळता हात मागे केला आणि माझी बोटं पकडली. डोळ्यांसमोर धरून बघितली. तुला माहीत आहे ती कशी आहेत, घासून निघत नाहीत.

म्हणाले, "आलीस? आज हात धुतले नाहीस."

त्यांना मी एओस वाटलो, ताई.

मग ते अगदी समजुतीच्या स्वरात, उधारी मागायला आलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलू लागले. म्हणाले, "अजून थोडं थांब. माझा लिकोन यायचाय, नातवाला घेऊन. पार्मेनोन नाव आहे त्याचं. पार्मेनोन. त्याला मांडीवर घेतो नि निघतो. बितोन फार रागावलाय का?"

तुझे वडीलधारे तीनदा विचारून गेले आणि बाबांना जे नाव घेता आलं नाही, ते त्यांनी माझ्यापुढे दोनदा घेतलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. गल्लीतलं एखादं पोर आणून मांडीवर ठेवलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. पण सहा वर्षं खोटं बोलून झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, तो येऊन गेला. तुमच्या आधी गेला. आता बितोनकाकांजवळ आहे."

त्यांनी बंदराकडे बोट केलं. मग विचारलं, "मग मी इथे कुणाची वाट बघतोय?"

"कुणाचीच नाही, बाबा. आता कुणी यायचं राहिलं नाही."

"आधी सांगायचं नाही का, बाई," म्हणाले. रागाने नाही. थकल्या माणसाने म्हणावं तसं.

मग उठले. मी धरायला गेलो तर हात झटकला. तिवई उचलली, स्वतः फिरवली, आणि तिच्याकडे तोंड करून बसले. माझी बोटं पुन्हा हातात घेतली. डोंगरावरून तुमच्या भाल्यांचा आवाज आला. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मग छातीवर. तोंडावर आलं तेव्हा त्यांची पकड ढिली झाली होती.

तिवई मी वळवली नाही.

लिकोन


इउलिस
तिसाव्या दिवसानंतर

लिकोन,

तुझं पत्र वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं, घरात कुणी नसताना.

माझंही एक राहिलं आहे. बितोनकाका गेले त्या सकाळी बाबांना ताप नव्हता. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा ते थंडगार होतं. ते डोळे मिटून म्हणाले, ताप आहे म्हणून सांग. मी दारात उभी राहून बितोनकाकांना तसं सांगितलं. काका माळ घालून उभे होते. बरं, म्हणाले, आणि बाबांची माळ माझ्या हातात देऊन एकटे निघून गेले. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, देवी ऐकते तेव्हा असंच ऐकत असेल. खरं सांगायचं तर मला कारण नकोच होतं. तेव्हा तुला मी काय माफ करणार? आपण दोघांनी मिळून त्यांना त्या गच्चीवर बसवलं.

आज वडीलधाऱ्यांकडे गेले. म्हटलं, माझ्या बापाने आपलं नाव घेतलं होतं, दोनदा, सूर्य वर यायच्या आत, मुलाच्या समोर. नातवासाठी घेतलं हे मी सांगितलं नाही. नाव एकच आहे, ते त्यांचंच आहे. त्यांनी माळ टांगायला परवानगी दिली. गेलेल्यांच्या माळा टांगतात त्या भिंतीवर बितोनकाकांच्या माळेशेजारी खिळा रिकामा होता. सहा वर्षांची वाळकी माळ मी अजून ठेवली होती, तीच टांगली. थोडी पानं गळली.

दूध आणि मध मी अजून ओतते. आता काही मागत नाही. बाळाचं नाव घेते, आणि त्याला सांभाळून ने, एवढं सांगते. मिर्तोला सांग, की इथे कुणीतरी रोज त्याचं नाव घेतं.

तिवई वरच आहे, बाबांनी ठेवली तशी. घोंगडी कोनाड्यात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. वसंतात दोघं या. पाहुण्याची आहे म्हणाले होते ना, ती तुझीच आहे.

तुझी,
फिलिन्ना